गॅसचा लायटर घेऊन जंगलात

वहिनी, कावळ्याने आज मला बोलूच दिलं नाही.

दिल्लीत घारी हव्या तेवढ्या, कावळा मात्र शोधावा लागतो. त्यामुळे तुझ्या दहाव्याला यमुनेच्या काठी निदान तासभर तरी ताटकळावं लागणार, अशी मनाची तयारी करून गेलो होतो. पिंड ठेवला की सगळे मागे सरतात. कावळा शिवेना की मग एकेक जण हात जोडून म्हणतो, तुझं राहिलेलं आम्ही करू, काळजी करू नकोस. दादा काहीतरी म्हणेल, चिमू काहीतरी म्हणेल, आणि मग मी पुढे होऊन माझं ते काडेपेटीचं वाक्य म्हणेन, असं ठरवलं होतं. चारचौघांत, दादाच्या तोंडावर. पंचवीस वर्षं घशात अडकलंय ते. आणि तू काय केलंस? गुरुजींचा हात पिंडावरून निघतो न निघतो तोच कावळा हजर! एक नाही, चांगले दोन. "बाईंची काही इच्छा राहिली नव्हती हो," गुरुजी म्हणाले. दादाने डोळे पुसले. मी आपला तोंड अर्धवट उघडं ठेवून उभा.

तुझी ही खोडच होती. मी काही कबूल करायला लागलो की तू म्हणायचीस, "बरं बरं, आधी जेवून घ्या."

आज जेवून झालंय माझं. आता ऐक.

मी दिल्लीत तुमच्याकडे राहायला आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. तू पस्तिशीची. सरकारी ऑफिसात फायली, घरी दादा, चार वर्षांची चिमू, लक्ष्मीबाई नगरातलं दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि त्यात हा दीर. बारा वर्षांनी लहान असलेल्या मला तू "अहो भाऊजी" करायचीस आणि मी तुला बिनदिक्कत अगं-तुगं. पहिल्याच आठवड्यात माझ्या शर्टाला वास आला तुला. बाबांचे शेवटचे आठ महिने त्याच घरात गेले होते. तो सिगरेटचा खोकला रात्रंदिवस तू ऐकला होतास, त्यांचं तस्त तू उचललं होतंस. तू ओरडली नाहीस. मला स्वयंपाकघरात बोलावलंस, माझा हात धरलास आणि खाली बसून मटार सोलणाऱ्या चिमूच्या डोक्यावर ठेवलास. "म्हणा, ओढणार नाही." मी म्हणालो. चिमूने वर बघून मला एक दाणा दिला.

ती शपथ मी अडीच महिने पाळली. मग मानेसरच्या कारखान्यात लागलो. पहाटे कंपनीची बस, दिवसभर मशीन, आणि कॅन्टीनच्या मागे धरमपाल. तिथल्याच गावचा, माझ्याच लाइनवरचा गडी. त्यानेच मला तो स्टीलचा लायटर दिला. झाकण सैल होतं त्याचं. खिशात असला की चालताना टक टक वाजायचा. घरी येताना मी त्याच्याभोवती रुमाल गुंडाळायचो. बडीशेप तर एवढी खायचो की तू दादाला विचारलंस, "भाऊजींचं पोट बरं नसतं का हो?"

तंबू तुला सरोजिनी नगरला दिसला. स्वेटर घ्यायला गेलो होतो आणि ढिगाखालून तू तो ओढून काढलास. निळा, एक्सपोर्टचा रिजेक्ट माल, दाराची चेन अर्ध्यावर अडकणारी. दुकानदार म्हणाला, "मॅडम, चार लोग आराम से सोएंगे." तू म्हणालीस, "भैया, चेन तो देखो, आधे लोग बाहर सोएंगे." पण घेतलास. तो छातीशी धरून तू रिक्षात बसलीस तेव्हा मला पहिल्यांदा सांगितलंस, की साताऱ्याला शाळेत तू गाइडमध्ये होतीस. सगळ्या गाठी यायच्या तुला. कॅम्पची पिशवी भरून दाराशी ठेवली होतीस, आणि तुझे वडील म्हणाले, मुली रानात झोपत नाहीत. "पिशवी आईने परत रिकामी केली," म्हणालीस. चाळिशीची होतीस तू तेव्हा, आणि आवाज एकदम शाळेतल्या मुलीचा झाला होता.

दादाला सव्वीस जानेवारीच्या पासांचं काम होतं. नसतं तरी तो आला नसता. "घरात रजाई आहे. जंगलात काय आहे?" हा त्याचा प्रश्न. मग तू, मी आणि नऊ वर्षांची चिमू. मानेसरच्या पुढे अरवलीच्या टेकड्यांना लागून धरमपालच्या काकाचं शेत, त्याच्या वर सगळं रान. संक्रांतीनंतरचा शनिवार. धरमपालने सकाळी आठला आम्हाला जीपमधून सोडलं आणि ड्यूटीवर गेला. धुकं इतकं, की चार पावलांवरचं कीकराचं झाड दिसत नव्हतं.

तंबू तू उभा केलास. मी फक्त "इकडे धरा, तिकडे ओढा" ऐकत होतो. एकेक गाठ मारताना ओठ मुडपून घेतलेला तुझा चेहरा मला अजून दिसतो. मग तीन दगड मांडलेस, काटक्या रचल्यास, पातेल्यात पाणी, आलं ठेचलेलं, चहा-साखरेचे डबे ओळीत. आणि पिशवीतून ऐटीत काढलास तो गॅसचा लायटर.

चटक. चटक चटक.

वीस वर्षं गॅसच्या शेगडीपाशी काढलेल्या बाईचा हात! मिठाच्या डब्याशेजारी जे लटकलेलं असतं ते तुझ्या हाताने आपसूक पिशवीत टाकलं होतं. ठिणगी उडायची, ओल्या गवतावर पडून मरायची. चिमू टाळ्या पिटत म्हणाली, "आई, गॅस चालू कर ना आधी!" तू माझ्याकडे बघितलंस. "भाऊजी, काडेपेटी?"

मी खिसे चाचपले. वहिनी, एवढं नाटक मी आयुष्यात दुसऱ्यांदा केलं नाही. डाव्या खिशात रुमालात गुंडाळलेला लायटर माझ्या बोटांना लागला, गार होता, आणि मी तोंड पाडून म्हणालो, "अरे यार, नाहीये."

ज्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, ते समोर नाक ओढत उभं होतं. कसा काढणार? नंतर सुचलं, धरमपालचा म्हणून सांगता आलं असतं. राहिला असेल माझ्या खिशात. नऊ वाजता सांगितलं असतं तर खपलंही असतं. पण दहा वाजता तू म्हणाली असतीस, मग तासभर का गप्प बसलात? अकरा वाजता दोन तासांचा जाब. बारा वाजल्यावर तर तो लायटर काढणं म्हणजे चोरीचा माल काढणंच झालं. दर तासाला ते अवघड होत गेलं आणि दर तासाला थंडी वाढत गेली.

जेवायला काय, तर संक्रांतीचा तिळगुळाचा डबा, कच्चा मटार, गाजरं, मुळे. खिचडीचे डाळ-तांदूळ कोरडेच. "गोठ्यातलं जेवण," तू म्हणालीस. चिमू कुडकुडायला लागली तेव्हा मी माझं जाकीट तिला दिलं. त्याआधी झुडपामागे जाऊन सिगरेटचं पाकीट दगडाखाली पुरलं आणि लायटर मोज्यात कोंबला. रुमाल तेवढा सुटला. परत येताना प्रत्येक पावलाला टक. टक.

"काका, तुझ्या पायात काय वाजतंय?" चिमूने विचारलं.

"हाडं," मी म्हणालो. "थंडीने वाजतात."

तू गाजर खाता खाता एवढी हसलीस की तुला ठसका लागला. "हाडं वाजतायत हो भाऊजींची!" मला वाटलं, सुटलो. केवढा हुशार मी.

पण दुपार आठव, वहिनी. त्या दुपारसाठी मी तुझा कायमचा ऋणी आहे, आणि ती माझ्या पापातून निघालेली, हीच तर पंचाईत आहे. धुकं विरलं नाही, नुसतं जरा वर गेलं. वारा नाही. लांब कुठेतरी मोर एकदा ओरडला आणि त्यालाही थंडी वाजली असावी, परत ओरडला नाही. आपण तिघं एका रजाईत, तंबूच्या अर्ध्या उघड्या दारात. एक नीलगाय धुक्यातून आली, आपल्याकडे बघून उभी राहिली, मग सरकारी माणसासारखी काहीही न बोलता निघून गेली. चिमूला तू दोरीच्या गाठी शिकवल्यास. तिला झोप लागली. मग बराच वेळ तू काही बोललीच नाहीस. तू! मी घाबरून विचारलं, रागावलीस का?

"ऐका ना," तू हळूच म्हणालीस. "काहीच ऐकू येत नाहीये."

आणि मग म्हणालीस, "विस्तव नाही ते बरंच झालं हो. नाहीतर दिवसभर चुलीपाशीच बसले असते. चहा करा, खिचडी करा, परत चहा करा. आज कुणी मला काही करायला सांगू शकत नाही."

रजाईतून बाहेर आलेला तुझा हात उताणा पडला होता, काहीच न धरता. तो हात मी रिकामा असा कधी बघितलाच नव्हता. तुझं ते वाक्य मी पुढे कितीदा स्वतःला औषधासारखं दिलं. वहिनीच म्हणाली बरं झालं म्हणून, मग तुझं काय जातंय? पण गुण आला नाही.

पाचला ड्यूटी सुटल्यावर धरमपाल बघायला आला, ओठात बिडी. आपली अवस्था बघून पोट धरून हसला. "भाभी जी, आग नहीं जलाई? अरे, इसके पास तो..." मी त्याच्या पायावर बूट ठेवला. "मेरे पास कुछ नहीं है यार," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं, आणि मुकाट्याने आपली माचिस काढली. तू पाठमोरी होतीस, रजाई झटकत होतीस. एकच रजाई, पण बराच वेळ झटकलीस.

इथपर्यंतची गोष्ट मी पंचवीस वर्षं लोकांना हसत सांगितली आहे. लायटर, मोजा आणि धरमपालचं ते अर्धं वाक्य तेवढं गाळून. पुढची कधीच सांगितली नाही.

सोमवारी चिमूला ताप चढला. एकशे तीन. दादा ऑफिसातून धावत आला आणि तुझ्यावर बरसला. "पोरीला कडाक्याच्या थंडीत नेलंस, आणि जंगलात गॅसचा लायटर? अक्कल कुठे गहाण टाकली होतीस?" तू पलंगाच्या कडेला बसून तिच्या कपाळावरची घडी बदलत होतीस. फक्त एवढंच म्हणालीस, "मी भाऊजींना काडेपेटी घ्यायला सांगितलं होतं."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी दारात उभा होतो.

"मला नाही सांगितलं," मी म्हणालो.

तू वाद घातला नाहीस. माझ्याकडे एकदा बघितलंस आणि घडी पिळायला उठलीस. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, दादाही उतरला. तंबू माळ्यावर गेला तो कायमचा. "परत जाऊ या ना," असं चिमू म्हणाली की दादा म्हणायचा, "हो हो, आईला लायटर घ्यायला सांग," आणि सगळे हसायचे. हळदीकुंकू असो, गणपती असो, दिल्लीतली चार मराठी डोकी जमली की मी उभा राहून तो किस्सा सांगायचो, तुझ्या त्या चटक चटकसकट. तू सरबताचे ग्लास भरता भरता म्हणायचीस, "पण मी सांगितलं होतं हं." मी म्हणायचो, "छे! कधी?" ही आपली जुगलबंदीच झाली. लोकांना वाटायचं, काय गोड भांडतात दीर-भावजय.

सिगरेट त्यानंतर तीन वर्षांनी सुटली. लायटर काही सुटला नाही. गॅस भरून घेत राहिलो, खिशात ठेवत राहिलो. का, ते बायकोलाही सांगितलं नाही.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या रविवारी मी ठरवूनच आलो होतो. तू नळ्यांमधून हसलीस आणि सिस्टरला म्हणालीस, "इनसे वो लायटरवाला किस्सा सुनो. बहुत अच्छा सुनाते हैं." ती केरळची पोर सलाइन लावता लावता थांबली. काय करणार? सांगितला. सगळ्या हातवाऱ्यांसकट. तू डोळे मिटून ऐकत होतीस, जिथे हसायचं तिथे हसत होतीस. ती गेल्यावर म्हणालीस, "भाऊजी, तंबू माळ्यावर असेल. फेकू नका." मी म्हणालो, "वहिनी, तुला एक सांगायचंय." आणि दादा शहाळ्याचं पाणी घेऊन आत आला. गुरुवारी तू गेलीस. दादा आत आला हे निमित्तच म्हण. त्याला दोन मिनिटं बाहेर थांब म्हणता आलं असतं मला.

आणि मग स्मशान. तेच धुकं, तोच गारठा. अग्नी चिमूने द्यायचा होता. गुरुजींच्या काड्या दमट झालेल्या, एक घासली, विझली, दुसरी, विझली. "किसी के पास लायटर है?" सगळे खिसे चाचपायला लागले. मीही चाचपले, अगदी तसेच. मग काढला. पंचवीस वर्षांपूर्वी तुझ्या चहासाठी जो काढला नाही तो लायटर तुझ्या कापरासाठी काढून मी चिमूच्या हातात दिला. तिने झाकण उघडलं. टक.

तिने तो कानाशी नेऊन परत एकदा वाजवला. रडून सुजलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"काका," ती म्हणाली, "हाडं?"

मी हो म्हणून मान हलवली. तिने कापूर पेटवला.

संध्याकाळी ती माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "आईला माहीत होतं. ताप उतरल्यावर मी विचारलं होतं तिला, काकाच्या पायात काय वाजत होतं ते. तर म्हणाली, काकाला विचारायचं नाही. त्याला सांगावंसं वाटेल तेव्हा तो सांगेल."

वहिनी! अगं, पंचवीस वर्षं? दादाची बोलणी खाल्लीस, चारचौघांत हसू करून घेतलंस, मला सरबताचा ग्लास हातात दिलास, आणि वाट बघत राहिलीस? एकदा कान धरायचा होतास माझा. बारा वर्षांनी मोठी होतीस, तेवढा हक्क होता तुझा. एवढी कसली माया करायची माणसावर, की त्याला नीट रागवायचंही नाही?

म्हणून आज ते वाक्य घेऊन आलो होतो. आणि तू कावळे पाठवून मला परत सोडवलंस. पण यावेळी मी सुटलो नाही. परतताना गाडी चिमू चालवत होती, दादा पुढे, मी मागे.

"दादा, वहिनीने मला काडेपेटी घ्यायला सांगितलं होतं."

"काय?"

"त्या कॅम्पला. मी विसरलो. वर माझ्या खिशात सिगरेटचा लायटर होता. दिवसभर. आणि चिमूच्या तापात तू तिला बोललास तेव्हा मी खोटं बोललो."

दोन सिग्नल गेले. मग दादा समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "तिची अक्कल काढली होती मी."

"हो."

"पोरीच्या पलंगाशी बसली होती, आणि मी अक्कल काढली तिची." मग मागे वळून सत्तरीच्या उंबरठ्यावरचा माझा भाऊ मला म्हणाला, "गाढवा!" मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

घरी पोचलो. तुझ्या फोटोसमोरचा दिवा आम्ही नसताना विझला होता. चिमू स्वयंपाकघरातून काही आणायला निघाली तर दादाने तिला थांबवलं आणि न बघता माझ्यापुढे हात केला. मी लायटर दिला. त्याला तो चटकन उघडेना, मग उघडला. दिवा लावून तो तसाच फोटोसमोर उभा राहिला.

"ऐकलंस का गं?" दादा तुला म्हणाला. "तू सांगितलं होतंस, म्हणतोय हा."

"दोनदा," मी दारातून म्हणालो. "एकदा दारात, एकदा जिन्यात."